खुब्याच्या सांधेरोपणानंतरची वेदना : भूल कोणती आणि वैद्याचे काम कोणते?

सुमारे तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी साडेआठच्या सुमारास शहरातील एका भूलतज्ज्ञांचा मला दूरध्वनी आला. माझ्याकडे दीर्घकाळ उपचार घेणारे एक सेवानिवृत्त शिक्षक त्या दिवशी उजव्या खुब्याच्या सांधेरोपणासाठी रुग्णालयात दाखल झाले होते. "वैद्यराज, तुमच्या रुग्णाने पहाटे पाच वाजता लसूण घालून उकळलेले दूध घेतले आहे. काही खाऊ-पिऊ नका असे बजावले होते, तर ते म्हणतात, हे अन्न नव्हे, औषध आहे. आता किमान सहा तास थांबावे लागेल आणि आजच्या यादीत तेवढी सवड नाही. आणखी काय काय चालू आहे, ते तरी सांगा." आवाजात राग नव्हता, पण मला मात्र ओशाळल्यासारखे झाले. लसूणक्षीरपाक मीच लिहून दिला होता. शस्त्रक्रियेचा दिवस ठरल्याचेही मला ठाऊक होते. तो केव्हा थांबवायचा हे मी सांगितले नव्हते. चूक रुग्णाची नव्हती, माझी होती.

शस्त्रक्रिया पंधरा दिवसांनी झाली आणि उत्तम झाली. पुढे महिन्याभराने ते गृहस्थ काठी टेकत चिकित्सालयात आले, तेव्हा त्यांनी सहज एक वाक्य उच्चारले. त्यांचा डावा खुबा बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात बदललेला होता. त्या वेळी पाठीत बारीक नळी ठेवून दोन दिवस औषध सोडले होते. या वेळी पाठीत एकच इंजेक्शन, जांघेत एक इंजेक्शन आणि नंतर वेळच्या वेळी साध्या गोळ्या. ते म्हणाले, "पहिल्या वेळी दुखले नाही, पण पाय माझे नव्हते. या वेळी थोडे दुखले, पण पाय माझे होते." एका रुग्णाच्या अनुभवावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु या विषयावरील अलीकडच्या अभ्यासांचा कल पाहिला, तर गुरुजींनी फार मोठी गोष्ट थोडक्यात सांगितली, असे मला वाटते. तीच आपल्या सभासदांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आपला संबंध काय?

"भूल हा भूलतज्ज्ञांचा विषय, आपण त्यात का पडावे?" असा प्रश्न काही वैद्यबंधू विचारतील. त्याचे उत्तर असे की खुब्याचा रुग्ण बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे आपल्याकडे असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत पुन्हा आपल्याकडेच येतो. सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी असा सांधा बसवून या शस्त्रक्रियेचा आधुनिक पाया घातला. आज ही शस्त्रक्रिया आपल्या जिल्ह्याच्या गावीही होते. पाश्चात्त्य देशांत तिचे मुख्य कारण वार्धक्यातील संधिगत वात हे असते. आपल्याकडे मात्र मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो ढासळल्यामुळे तिशी-चाळिशीतील रुग्णांवरही ती मोठ्या संख्येने करावी लागते. वृद्धांमध्ये पडून मोडलेला खुबा हे आणखी एक कारण. हे सर्व रुग्ण आपल्या गुग्गुलकल्पांचे, आपल्या तैलांचे, आपल्या काढ्यांचे नित्य सेवनकर्ते असतात. तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपण उपस्थित नसलो, तरी आपले औषध तेथे उपस्थित असते.

पद्धतींचा तुलनात्मक विचार

खुब्याच्या सांध्याच्या आवरणाला एकाच नाडीतून संवेदना मिळत नाही. पुढील भागाला प्रामुख्याने फिमोरल व ऑब्ट्युरेटर या मज्जातंतूंच्या शाखा जातात, मागील भागाला सायटिक व इतर काही तंतूंच्या. यामुळे एखादा तंतू बधिर केला की खुबा पूर्ण शांत झाला, असे होत नाही. दुसरी अडचण अशी की यांतील काही तंतू स्नायूंनाही चालवतात. वेदना बंद करू जाता पायाचे बळ जाते. या दोन अडचणींतून मार्ग काढण्याचा इतिहास म्हणजेच या भूलपद्धतींचा इतिहास होय.

पूर्ण भूल ही शस्त्रक्रियेपुरती असते. रुग्ण जागा होताच वेदनाही जागी होते. पाठीच्या कण्यातून द्यावयाची भूल, जिला व्यवहारात स्पायनल म्हणतात, ती जर्मनीत आउगुस्ट बिअर यांनी १८९८ साली प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली. कंबरेखालचा भाग काही तास पूर्ण बधिर होतो व रुग्ण जागा राहू शकतो. परंतु तिचा अंमल संध्याकाळी उतरतो आणि पहिली रात्र तशीच उरते. त्यावर उपाय म्हणून १९७९ पासून त्याच इंजेक्शनात अत्यल्प मॉर्फिन मिसळण्याची पद्धत आली. वेदना सुमारे एक दिवस दबते, पण खाज, मळमळ, मूत्रावरोध आणि क्वचित श्वासाची गती मंदावणे, ही किंमत मोजावी लागते.

एपिड्युरल म्हणजे पाठीत नळी ठेवून औषध देत राहणे. वेदनाशमन उत्तम, परंतु दोन्ही पाय जड होतात, रक्तदाब उतरतो, लघवीसाठी नळी ठेवावी लागते. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात. त्या काळात पाठीतील नळी घालताना वा काढताना कण्यात रक्तस्राव होण्याचा धोका राहतो. तो विरळ आहे, पण झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात.

जांघेतील फिमोरल तंतू बधिर करण्याची रीत जुनी आहे. तिने मांडीचा पुढचा स्नायू लुळा पडतो आणि उभा राहू पाहणारा रुग्ण कोसळतो. फॅसिया इलियाका ब्लॉक ही पद्धत १९८९ साली डालेन्स व सहकाऱ्यांनी मुलांसाठी वर्णिली. यात तंतूला सुई न लावता स्नायूवरील पडद्याखाली औषध पसरवतात. स्नायूचे बळ काही अंशी तरीही कमी होते. २०१८ साली टोरांटोच्या गटाने सांध्याच्या पुढील आवरणाला जाणाऱ्या केवळ संवेदनवाही शाखा बधिर करण्याची पेंग ब्लॉक ही पद्धत मांडली. पायाचे बळ राखून वेदना शमवणे हा तिचा हेतू. तोही सर्व रुग्णांत सारखा साधत नाही. औषध अधिक पसरले तर स्नायू ढिले पडतातच. शेवटची पद्धत शल्यविशारदाच्याच हातातील. शस्त्रक्रिया संपताना सांध्याभोवतीच्या मांसात बधिरीकरणाचे पातळ द्रावण भरतात. सिडनीच्या केर व कोहान यांनी २००८ साली ती विस्ताराने प्रसिद्ध केली. गुडघ्यासाठी तिचा लाभ स्पष्ट आहे. खुब्यासाठी पाठबळ तेवढे भक्कम नाही.

पुरावा काय सांगतो?

येथे तीन अभ्यासांचा उल्लेख पुरेसा आहे. पहिला अमेरिका व कॅनडातील, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. खुबा मोडलेल्या, पन्नास वर्षांवरील १६०० रुग्णांत पूर्ण भूल आणि स्पायनल यांची तुलना केली. साठ दिवसांनंतर मृत्यू अथवा काठी वा वॉकरच्या आधारानेही चालता न येणे, या एकत्रित निकषावर स्पायनल गटात १८.५ टक्के आणि पूर्ण भुलेच्या गटात १८ टक्के. म्हणजे फरक नाही. वृद्धांत शस्त्रक्रियेनंतर होणारा भ्रमही दोन्ही गटांत सारखाच आढळला. "पाठीतून भूल दिली तर डोके ठीक राहते" असे आपणही रुग्णांना सांगत आलो आहोत. ते आता तितक्या खात्रीने सांगू नये. हा अभ्यास अस्थिभग्नाच्या रुग्णांचा आहे, पूर्वनियोजित सांधेरोपणाचा नव्हे, हेही ध्यानात असावे.

दुसरा डेन्मार्कमधील, २०१९ चा. नियोजित सांधेरोपणाच्या ५५६ रुग्णांत पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन यांचा विचार केला होता. पहिल्या चोवीस तासांत लागलेले मॉर्फिन केवळ पॅरासिटॅमॉल घेणाऱ्यांत ३६ मिलिग्रॅम, केवळ आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत २६, आणि दोन्ही पूर्ण मात्रेत घेणाऱ्यांत २० मिलिग्रॅम होते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या दोन गोळ्या घड्याळ लावून दिल्या, तर मॉर्फिनची गरज इतकी उतरते.

तिसरा म्हणजे युरोपातील तज्ज्ञांच्या प्रॉस्पेक्ट या गटाने २०२१ साली केलेला उपलब्ध पुराव्याचा आढावा. त्यांची शिफारस अशी : पॅरासिटॅमॉल आणि दाहशामक गोळी हा पाया; शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोनची एक मात्रा; जोडीला, विशेषतः ज्यांना या गोळ्या चालत नाहीत वा ज्यांची वेदना अधिक असण्याचा संभव आहे त्यांना, फॅसिया इलियाका ब्लॉक किंवा सांध्याभोवतीचे बधिरीकरण; मॉर्फिन केवळ गरजेपुरते. एपिड्युरल व फिमोरल ब्लॉक यांची शिफारस नाही, कारण लाभापेक्षा उपद्रव अधिक. पाठीतून मॉर्फिन ०.१ मिलिग्रॅमपर्यंत देता येईल, पण धोके तोलून.

या सर्वांतून माझे मत बनले ते असे. सांधेरोपणानंतरच्या वेदनाशमनाचे यश वेदना शून्य झाली का यावर मोजू नये. रुग्ण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी उभा राहिला का, गाढ श्वास घेतला का, रात्री झोपला का, यावर मोजावे. लवकर उठलेल्या रुग्णाला गुठळी, फुप्फुसाचा जंतुसंसर्ग व शय्याव्रण यांचे भय कमी. एकच प्रबळ उपाय योजून शरीराला खिळवून ठेवण्यापेक्षा, अनेक सौम्य उपाय अल्प मात्रेत एकत्र योजणे श्रेयस्कर. हा विचार आपल्याला परका वाटू नये. अनेक द्रव्यांच्या अल्प योगाने कार्य साधणारा कल्प आणि रुग्णाचे बल पाहून मात्रा ठरवणे, ही आपलीच दृष्टी आहे. सत्तर वर्षांच्या मधुमेही रुग्णात डेक्सामेथासोनने साखर चढते, क्षीण वृक्क असलेल्यास दाहशामक गोळी घातक ठरते, जडलेल्या कण्याच्या रुग्णात पाठीतून सुई जाणेच कठीण होते. त्यामुळे सर्वांना एकच भूल, असे होऊ शकत नाही.

आपल्याकडील वास्तव

तंतू पाहून सुई टोचण्यासाठी अल्ट्रासाउंड यंत्र लागते. आपल्याकडे गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यामुळे भूलतज्ज्ञाच्या अशा यंत्राचीही नोंदणी करावी लागते, आणि लहान रुग्णालये त्या खटाटोपात पडू इच्छीत नाहीत. मॉर्फिनचा साठा ठेवण्याची व्यवस्थाही सर्वत्र नसते. परंतु यावरून तालुक्याच्या रुग्णाने वेदना सोसतच राहावे, असा अर्थ निघत नाही. फॅसिया इलियाका ब्लॉक हाताला जाणवणाऱ्या दोन 'टक्' अशा खुणांवर, यंत्रावाचूनही देता येतो. आणि पॅरासिटॅमॉल दर सहा तासांनी देण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही; गरज आहे ती शिस्तीची. "दुखले तर सांगा" या प्रथेने आपल्याकडील वृद्ध, विशेषतः स्त्रिया, काहीच सांगत नाहीत. रुग्णाचे नातेवाईक आपल्याला विचारतात तेव्हा त्यांना एवढे जरूर सांगावे : भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेआधीच भेटा आणि पहिल्या दोन रात्रींची योजना काय, हे विचारा.

वैद्यांचे व औषधालयांचे काम

आता आपल्या घराकडे वळू. प्रथम एक गोष्ट स्पष्ट मांडतो, काहींना ती रुचणार नाही. चरकाचार्यांनी वेदनास्थापन महाकषायात शाल, कट्फल, कदंब, अशोक इत्यादी दहा द्रव्ये सांगितली आहेत व त्यांचा अभ्यास अवश्य व्हावा. परंतु त्यांच्या बळावर हाड कापल्यानंतरच्या पहिल्या रात्रीची जबाबदारी घेणे, हे साहस होईल. "इंग्रजी वेदनाशामक घेऊ नका, आपले तेल पुरे" असा सल्ला देणारा वैद्य रुग्णाला अंथरुणाला खिळवतो.

दुसरी गोष्ट उपवासाची. सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला इष्ट भोजन द्यावे व मद्य सोसणाऱ्यास मद्य पाजावे, असे सांगितले. मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत मात्र उपाशीपोटी कर्म करावे, असा अपवादही केला. त्या काळी रुग्ण आपला श्वास व खोकला राखून असे. आजच्या भुलेत हे रक्षण सुटते, जठरातील द्रव्य श्वासमार्गात उतरू शकते, म्हणून उपवास अनिवार्य. निर्मळ पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत चालते. दूध मात्र घन अन्नात मोजतात व त्याला सहा तास लागतात. तेव्हा क्षीरपाक, दुधातून अश्वगंधा, पहाटेचे सिद्धघृत हे सारे अन्नच, हे रुग्णाला आपणच समजावले पाहिजे. आपल्या अनुपानाचा अर्थ भूलतज्ज्ञ कसा जाणणार?

तिसरी गोष्ट औषधांच्या यादीची. लसूण रक्तातील बिंबाणूंच्या कार्यावर परिणाम करतो. यष्टिमधु अधिक काळ घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांच्या निद्राजनक गुणांत भूलद्रव्यांची भर पडू शकते. पिप्पली-मरिचातील पायपेरीन काही औषधांचे शोषण वाढवते. उलट मुंबईत झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुग्गुलाच्या कल्पाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे आढळले. भय वाढवण्याचा माझा हेतू नाही. केवळ लसूण वा तत्सम वनौषधी घेतली म्हणून पाठीतून भूल नाकारावी, असे या क्षेत्रातील अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही म्हणत नाहीत. चिंता आहे ती रक्त पातळ करणाऱ्या इतर औषधांशी तिच्या संयोगाची. तरीही अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेचा, वनौषधी दोन आठवडे आधी थांबवाव्यात, हा सर्वसाधारण सल्ला नियोजित शस्त्रक्रियेत पाळणे सुज्ञपणाचे. दोन आठवड्यांत आपल्या चिकित्सेचे काही बिघडत नाही.

चौथी गोष्ट औषधालयचालकांसाठी, आणि ती सर्वांत गंभीर. सांधेदुखीची 'गुणकारी' पुडी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे आपल्यापैकी कोणालाही नवे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली तेथे विकल्या जाणाऱ्या 'आर्ट्री किंग' या 'नैसर्गिक' उत्पादनात डेक्सामेथासोन व डायक्लोफेनॅक लपवलेले आढळल्याचे जाहीर केले. प्रश्न सर्व देशांचा आहे. स्टेरॉइडच्या दीर्घ सेवनाने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होतो. म्हणजे जी पुडी वेदना थांबवते तीच सांधा ढासळवते आणि रुग्णाला शस्त्रक्रियेपर्यंत नेते. एवढ्यावर हे संपत नाही. शरीरातील नैसर्गिक स्टेरॉइडची निर्मिती दबलेली असते, पुडी अचानक बंद होते, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञाला त्याचे कारण सापडत नाही, कारण रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, "मी फक्त आयुर्वेदिक चूर्ण घेतो." औषध नियमावलीतील नियम १६१ प्रमाणे वेष्टनावर घटक लिहिणे बंधनकारक आहे. बिननावाची, बिनघटकाची पुडी आपल्या फळीवर ठेवू नये. आणि रुग्ण तशी पुडी घेत असल्यास ती शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवण्यास त्याला आवर्जून सांगावे.

शेवटची गोष्ट रुग्ण परत येतो तेव्हाची. मॉर्फिनसदृश औषधांनी झालेला मलावरोध, मंद झालेला अग्नी, खचलेले बल, येथे शल्यविशारदांना कळवून आपल्याला पुष्कळ करता येते. परंतु सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीला अभ्यंग करू नये. तेथे गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी औषधे खुब्याच्या रुग्णात कधी पाच आठवडे चालू असतात, त्या काळात आपली औषधे विचारपूर्वक द्यावीत. आणि बस्ती देताना आपण रुग्णाला डाव्या कुशीवर घेऊन उजवा पाय दुमडतो. उजवा खुबा नुकताच बदललेला असेल, तर मांडी पोटाकडे दुमडून आत वळण्याची हीच स्थिती सांधा निखळवू शकते. शास्त्र तेच ठेवून स्थिती बदलावी किंवा काही महिने बस्ती टाळावी.

त्या दूरध्वनीनंतर मी माझ्या चिकित्सालयात एक साधा कागद छापून घेतला. त्यावर रुग्णाची चालू औषधे, प्रत्येकातील प्रमुख द्रव्ये मराठी व लॅटिन नावांसह, अनुपान, शेवटची मात्रा केव्हा आणि माझा दूरध्वनी क्रमांक, एवढेच असते. शस्त्रक्रियेला जाणारा प्रत्येक रुग्ण तो सोबत नेतो. छपाईला फारसा खर्च आला नाही. भूलतज्ज्ञांचे दूरध्वनी आता अधिक येतात. परंतु ते आदल्या दिवशी येतात. आपल्या संघटनेने असा एक सामायिक नमुना तयार करून सर्व सभासदांना व औषधालयांना पाठवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. रुग्णाचे पाय रुग्णाचेच राहावेत, यासाठी आपल्याकडून निदान एवढे व्हावे.